मेमरी कार्ड भरून देतो, म्हणून मी चोर आहे का ताई?

पत्र आलंय गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या पुढच्या एका गावातून. नाव-गाव छापू नका म्हणाला म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, थोडं कापून देते:

"ताई, चौकात माझं मोबाईल रिपेरिंगचं छोटं दुकान आहे. लोक मेमरी कार्ड, पेनड्राइव्ह आणतात, मी गाणे, पिच्चर, झाडीपट्टीचे (म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातले) नाटकं भरून देतो. कार्डाचे ३० रुपये, ट्रॅक्टरवाल्याचा पेनड्राइव्ह ५० रुपये. आमच्याकडं टॉवर धड नाही, लोक करतील काय? मागच्या सोमवारी बाजाराच्या दिवशी एक माणूस गाडीतून आला, म्हणे मी कंपनीचा, कॉपीराइटची केस टाकतो, तीन वर्ष जेल आहे, नाहीतर २५ हजार दे इथंच मिटवू. मी पुढच्या सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली. बहीण तलाठी भरतीची तयारी करते, तिच्या मोबाईलमध्ये टेलिग्रामवरचे पुस्तकांचे पीडीएफ आहेत, ती पण भेली. मोठे लोक करोडो बुडवून फिरतात त्यांना काई होत नाई. हा कायदा आमच्यासारख्यासाठीच केला का? हा न्याय आहे का?"

भाऊ, तुला तू म्हणते, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा दिसतोस. न्यायाचं नंतर बोलू, आधी २५ हजाराचं बोलू कारण सोमवार जवळ आहे.

एक रुपया देऊ नको. कंपन्या असे माणसं फिरवतात हे खरं आहे, त्यांचं काम माहिती काढायचं आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्यायचं, पण दुकानावर धाड टाकायचा, कम्प्युटर उचलायचा अधिकार त्यांना नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६४ मध्ये तो पोलिसांना दिलाय आणि तोही पीएसआय किंवा त्याच्या वरच्याला. वॉरंटशिवाय जप्ती करता येते, हे लक्षात ठेव, पण जप्त केलेलं लवकरात लवकर मॅजिस्ट्रेटपुढं न्यावं लागतं. आता हा जो बाजारात गाडी लावून रोख मागतो, पावतीचं नाव काढत नाही, त्याला फक्त इतकंच विचार, कोणत्या कंपनीचा, कंपनीनं दिलेलं अधिकारपत्र कुठाय, कोणते गाणे, त्यांचे हक्क तुमच्याकडं आहेत याचा कागद कुठाय. खरा असेल तर कागद दाखवेल नाहीतर वकिलाची नोटीस पाठवेल. खोटा असेल तर चहा न पिता निघून जाईल, आणि धमकी देऊन पैसे मागणं याला खंडणी म्हणतात, त्याची तक्रार तूच ठाण्यात देऊ शकतोस.

आणि घाबरून रात्रीतून कम्प्युटर फॉरमॅट मारू नको. खरंच तक्रार झाली असेल तर पुरावा नष्ट केला म्हणून ते वेगळंच गळ्यात येतं. नवीन भरून देणं बंद कर, जुनं जसं आहे तसं राहू दे, आधी वकिलाला दाखव.

आता तुला न आवडणारं. तो माणूस भामटा असला तरी त्यानं सांगितलेलं कलम खोटं नाही. कायदा १९५७ चा आहे, कलम ६३. जाणूनबुजून दुसऱ्याच्या हक्काची कॉपी केली तर कमीत कमी ६ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं, दंड ५० हजारापासून २ लाखापर्यंत. दुसऱ्यांदा सापडला तर कमीत कमी १ वर्ष आणि १ लाख. आणि २०२२ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट उचलू शकतात आणि जामीन ठाण्यात हक्कानं मिळत नाही, कोर्टात मागावा लागतो.

या कलमात एक खिडकी ठेवलेली आहे. धंद्यातल्या कमाईसाठी केलं नसेल तर कोर्ट कारण लिहून ६ महिन्याच्या खाली शिक्षा देऊ शकतं. ही खिडकी तुझ्या बहिणीसाठी आहे, तुझ्यासाठी नाही, कारण तू ३० रुपये घेतोस. तीस असो की तीस लाख, धंदा तो धंदा.

इथंच मला या कायद्याचा राग येतो. कारखान्यासारख्या हजारो सीड्या छापणारा आणि चौकात आजीच्या साध्या मोबाईलमध्ये भजनं भरून देणारा पोरगा, दोघांनाही खालची पट्टी एकच, ६ महिने. जज साहेबांना दया आली तरी हात बांधलेले. आणि खरी शिक्षा तर निकालाच्या आधीच होते बावा. मी कोर्टात रोज बघते, तारखेला आलेला माणूस सकाळी सातच्या गाडीनं येतो, दुपारी पुकारा होतो, साहेब रजेवर, पुढची तारीख. एक दिवसाची मजुरी गेली, दुकान बंद राहिलं, वरून येण्याजाण्याचं भाडं. मोठ्या माणसाचा वकील जातो, तो स्वतः येतच नाही. तुझं जे म्हणणं आहे ना, की कायदा आमच्यासाठीच, ते कलमात कुठं लिहिलेलं नाही पण या चकरांमध्ये लिहिलेलं आहे.

जगात याच्याहून वेडेपणा झालेला आहे, ऐकून ठेव. अमेरिकेत एका बाईवर २४ गाणे इंटरनेटवर शेअर केले म्हणून केस झाली, २००७ ला ज्युरीनं २ लाख २२ हजार डॉलर ठोठावले, पुन्हा खटला झाला तर १९ लाख २० हजार डॉलर, असं वरखाली होत होत २०१२ ला परत २ लाख २२ हजारावर आलं. चोवीस गाणे! तुझ्या एका कार्डाच्या कोपऱ्यात मावतील. फ्रान्सनं २००९ ला कायदा केला की तिसऱ्यांदा सापडला तर घरचं इंटरनेटच तोडायचं, आणि २०१३ ला ती शिक्षा स्वतःच काढून टाकली.

मग कायदाच फेकून द्यायचा का? नाही. याच्यासाठी तुला एक गोष्ट सांगते.

माझे मामा झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवायचे. दिवाळीनंतर धान कापून मोकळं झालं, मंडईच्या जत्रा, बैलांचे शंकरपट सुरू झाले की होळीपर्यंत मामा घरी दिसायचे नाहीत, आज इकडं, उद्या तिकडं, रात्रभर नाटक आणि दिवसा गाडीत झोप. लहानपणी मी त्यांच्यासोबत एकदा गेले होते. पहाटे चारला तिसरा अंक चालू, थंडी अशी की लोक तणसावर चादरी घेऊन बसलेले, आणि स्टेजच्या मागं एक बाई, जी समोर महाराणी होती, ती अंगावर शाल ओढून पोराला दूध पाजत होती, घंटा वाजली तसं पोरगं दुसऱ्याच्या हातात देऊन पदर सावरत परत महाराणी. मामांची बोटं कडक व्हायची, ते दोन अंकांच्या मध्ये शेगडीवर हात धरायचे.

नंतरच्या वर्षांत काय झालं, प्रेक्षकात कुणीतरी अख्खं नाटक मोबाईलवर काढायचा, आणि मंडळी पुढच्या गावी पोचायच्या आधी ते नाटक त्या गावच्या मोबाईल दुकानात पोचलेलं असायचं. मामा एकदा स्वतःच कार्ड भरायला गेले, दुकानदार पोट्टा म्हणे काका हे घ्या, परवाचं नवीन आहे, एकदम क्लिअर. त्यात मामांचाच ऑर्गन वाजत होता. मामांनी ३० रुपये दिले आणि घरी आले. कुणाला काही बोलले नाहीत, मामीला मात्र म्हणाले, आपण रात्रभर वाजवलं त्याची मजुरी त्या पोट्ट्यानं घेतली.

तो पोट्टा तू नव्हतास, पण असता तर वेगळं काय केलं असतंस, सांग.

सिनेमावाल्यांसाठी सरकारनं २०२३ ला कायदा कडक केला. टॉकीजमध्ये पिच्चर रेकॉर्ड केला तर कमीत कमी ३ महिने जेल आणि ३ लाख दंड, दंड वाढत वाढत पिच्चरच्या खर्चाच्या ५ टक्क्यापर्यंत. मुंबईवाले ओरडले, मुंबईवाल्यांचं ऐकलं. झाडीपट्टीच्या मंडळींसाठी असं वेगळं काही नाही, त्यांना जुन्याच कॉपीराइट कायद्यातला कलाकाराचा हक्क आहे, ५० वर्षांचा. त्यानुसार सांगते, नाटक बघायला आलेल्यानं स्वतःपुरतं थोडं रेकॉर्ड करून घरी बघितलं तर चालतं, पण कलाकाराला न विचारता ते भरून विकलं तर नाही चालत. हक्क कागदावर आहे, वडशाचा कोणता नट त्यासाठी वकील लावणार आहे? म्हणजे बघ, हा कायदा तुला पण जड जातो आणि ज्याचं तू भरून विकतोस त्याला पण उचलता येत नाही.

तुला न्याय-अन्याय तपासायचाच असेल तर नागभीडकडं बघ, आपल्यापासून किती लांब आहे! नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, दीड-एक एकराचा शेतकरी, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ च्या सुमारास स्वतःच्या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या त्यांनी वेगळ्या राखल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले आणि त्यातून बारीक धानाचं जे वाण निघालं त्याला तेव्हाच्या प्रसिद्ध घड्याळाचं नाव पडलं, एचएमटी. आज आपण हॉटेलात, लग्नात जो भात खातो तो बऱ्याचदा त्याच वाणाचा. १९९८ ला पंजाबराव कृषी विद्यापीठानं, म्हणजे पीकेव्हीनं, पीकेव्ही एचएमटी नावानं वाण बाजारात आणलं. दादाजी म्हणायचे बियाणं माझ्याकडून नेलं आणि श्रेय दिलं नाही. बक्षिसं मिळाली, राष्ट्रपतींच्या हातून सत्कार झाला, पण जून २०१८ मध्ये गेले तेव्हा हाल होते. त्यांच्या धानाची कॉपी लाखो बांध्यांत झाली. शेजाऱ्यानं त्यांच्याकडून पायलीभर बियाणं नेलं त्याचं त्यांना कधी दुःख नव्हतं, जे मोठे विकायला बसले त्यांनी नावही घेतलं नाही याचं होतं.

आणि गंमत अशी की बियाण्याच्या बाबतीत आपल्या संसदेला हे बरोबर कळलेलं आहे. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, त्याचं कलम ३९. शेतकरी स्वतःच्या शेतातलं बियाणं राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, बदलून घेऊ शकतो, विकू पण शकतो. फक्त संरक्षित वाणाचं ब्रँड लावलेल्या पाकिटातलं बियाणं म्हणून विकायचं नाही. शेजारधर्म वेगळा, धंदा वेगळा, एका कलमात रेघ ओढून दिली. या कायद्याच्या जोरावरच २०१९ मध्ये गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांच्या बाजूनं लोक उभे राहिले, पेप्सिको कंपनीनं चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी १ कोटी ५ लाखाचा दावा टाकला होता, बोंब झाली तसा मागं घेतला. गाण्या-पुस्तकांच्या कायद्यात अशी सरळ रेघ का नाही, हा माझा प्रश्न आहे. रेघ आहे, पण तुकड्या-तुकड्यात आणि वकिलालाच दिसेल अशी.

आता बहिणीचं. तिला सांग रडू नको, अभ्यास कर. कलम ५२ मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी, अभ्यास-संशोधनासाठी वाजवी वापराला सूट आहे. अख्खं नवीन पुस्तक फुकट उतरवून घेणं त्या वाजवीत बसतं का यावर वकील दोन तास भांडतील आणि मी तिला बसतंच असं लिहून देणार नाही, पण तिच्या घरी पोलीस येतील असं मला वाटत नाही. २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टापुढं ब्लॉक केलेल्या वेबसाइटवर दिसणाऱ्या त्या धमकीच्या मेसेजचा विषय आला होता, त्यात लिहायचे की बघितलं तरी तीन वर्षं जेल. कोर्टानं म्हटलं नुसतं बघणं गुन्हा नाही, गुन्हा आहे तो कॉपी वाटणं, जाहीर दाखवणं, विकायला-भाड्यानं ठेवणं. म्हणून तिनं एक करावं, ते पीडीएफ ग्रुपवर पुढं ढकलू नये आणि स्वतःचं चॅनल तर अजिबात काढू नये. २०२२ ला दिल्लीत एका कोचिंगच्या शिक्षिकेच्या पुस्तका-लेक्चरच्या प्रकरणात हायकोर्टानं टेलिग्रामलाच सांगितलं की चॅनल चालवणाऱ्यांचे नंबर-पत्ते द्या. वाचणाऱ्यांचे नव्हते मागितले.

खरं सांगू का, मी स्वतः नागपूरला एलएलबी केलं ते झेरॉक्सवर. एक पुस्तक आठ जणींत, त्याच्या झेरॉक्स, बाइंडिंगवाल्या काकांना निम्मा अभ्यासक्रम पाठ झाला असेल. दिल्ली विद्यापीठातल्या अशाच एका झेरॉक्स दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या प्रकाशकांनी २०१२ ला केस टाकली होती, २०१६ ला दिल्ली हायकोर्टानं सांगितलं, शिकवण्याच्या कामासाठी पुस्तकातल्या भागांच्या झेरॉक्स काढणं चालतं, कॉपीराइट काही देवानं दिलेला हक्क नाही. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. पण मराठी गाइड लिहिणाऱ्या मास्तरचं पुस्तक दोनशे रुपयाचं असेल आणि घ्यायची ऐपत असेल तर घ्यावं, तो मास्तर ऑक्सफर्ड नाही, त्याची पहिली आवृत्तीच कर्ज काढून छापलेली असते. नाहीतर चार मैत्रिणींनी मिळून एक घ्या.

मुदतीबद्दल पण माझी तक्रार आहे. आपल्याकडं लेखक गेल्यावर ६० वर्षं हक्क चालतो. आधी ५० होता. रवींद्रनाथ १९४१ ला गेले, १९९१ ला मुदत संपायला आली तेव्हा सरकारनं ५० ची ६० केली. गेलेल्या माणसाला दहा वर्षं वाढवून काय मिळालं देव जाणे. बाबासाहेब १९५६ ला गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांची मुदत २०१६ अखेर संपली, १ जानेवारी २०१७ पासून ती सगळ्यांसाठी मोकळी. तुकडोजी महाराज १९६८ ला गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्याची मुदत हिशोबानं २०२८ अखेरपर्यंत.

दुकानाचं काय करायचं, तर बाबू, ३० रुपयाचा धंदा तसाही संपत आलाय, टॉवर आज ना उद्या धड होईल. लोकांना फुकटचं आणि रीतसर असलेलं काढून दे आणि आपल्या मेहनतीचे पैसे घे, वस्तूचे नको. बालभारतीचे पाठ्यपुस्तकाचे पीडीएफ त्यांच्याच साइटवर फुकट आहेत, साहित्य आणि संस्कृती मंडळानं कितीतरी जुनी पुस्तकं फुकट टाकलीत, एमपीएससीच्या जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या साइटवर आहेत. गावातल्या पोरांना याचा पत्ताच नसतो. ज्याला गाणे पाहिजेत त्याच्या मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकून दे, वायफायवर ऑफलाइन सेव्ह कसं करायचं ते दाखव, त्याचे वीस रुपये बिनधास्त घे. आणि नाटकाचं म्हणशील तर वडशाला मंडळींची ऑफिसंच आहेत, जाऊन विचार ना, आम्हाला अधिकृत विकायला द्या म्हणून. नाही म्हणतील फार तर.

बॅनर-पत्रिका करायला चोरीचं फोटोचं सॉफ्टवेअर वापरत असशील (असतोसच, मला माहीत आहे), त्याला वेगळं कलम आहे, ६३बी, धंद्यासाठी वापरलं तर कमीत कमी ७ दिवस जेल. जिम्प आणि इंकस्केप ही त्याच कामाची सॉफ्टवेअरं फुकट आहेत, आठवडाभर शिव्या घालशील मग हात बसेल.

डीजेवाल्याचं तू विचारलं नाहीस पण विचारशील म्हणून सांगते, लग्नात आणि वरातीत गाणे वाजवायला लायसन लागत नाही, कायद्यातच सूट आहे, २०२३ ला केंद्रानं पुन्हा स्पष्ट केलंय. त्याच्या नावानं कुणी वसुलीला आला तर त्यालाही हेच प्रश्न.

सोमवारी एकटा बसू नको, दुकानात दोन शहाणे माणसं बसवून ठेव, गाडीचा नंबर लिहून घे, बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड कर. कागद दिला तर त्याचा फोटो मला पाठव, आपण बघू. आणि दुकानावर तो बोर्ड असेल ना, 'येथे कार्ड भरून मिळेल', तो आजच उतरव. मागच्या सोमवारी त्यानं फोटो काढला असेल तर काढला, या सोमवारी मिळायला नको.